छाप्याची खबर

नाना, गेले आठ दिवस मी एका शब्दापाशी अडकून बसले आहे, आणि तो शब्द तुमचा आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर घरात बसून भिंतींशी भांडण नको म्हणून मी मुलांसाठीच्या एका शब्दकोशाचं काम घेतलं. माझ्या वाट्याला 'छ' आला. छत्री झाली, छंद झाला, छावणी तर चहा निवायच्या आत उरकली. छापा काही होत नाही. 'शत्रूच्या ठिकाणावर अचानक जाऊन घातलेली झडप' एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं, तर तुमचा आवाज आला, "अर्धवट लिहिलंस." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण माझ्या वह्या तपासायचं तुम्ही काही सोडलेलं नाही. जिवंत असताना तपासल्या असत्यात तर बरं झालं असतं.

अर्थ मला तोंडपाठ आहे. रविवारी सकाळी बुद्धवंदना आटोपली की तुम्ही स्वयंपाकघरात पाट टाकून पेपर वाचायला बसायचात. पलटणीतून हवालदार म्हणून सुटून तुम्हाला दोन-तीन वर्षं झाली होती, तरी लष्कराची बातमी आली की तुमची पाठ आपोआप ताठ व्हायची. आणि बातमीत 'छापा' हा शब्द चुकीच्या जागी पडला असला की तुम्ही पेपर मांडीवर आपटायचात. "ह्याला छापा म्हणत नाहीत! चौकी घेतली आणि तिथंच बसले, मग तो हल्ला झाला. ह्या पेपरवाल्यांना शब्द दिसला की वापरायचा, बस." मग आईच्या हाताखालची भांडी तुमच्या ताब्यात जायची. परात म्हणजे नाला, पालथा तांब्या म्हणजे शत्रूची चौकी, सोललेल्या लसणाच्या पाकळ्या म्हणजे जवान. वाटेवर दबा धरून बसायचं आणि शत्रू आला की तुटून पडायचं, तो घात. आपण होऊन शत्रूच्या घरात शिरायचं, तो छापा. मोठी फौज घेऊन समोरून जायचं, ती चढाई. आणि छाप्याची खरी खूण कोणती, तर परत येणं. "गेले, काम केलं, आपल्या जागी आले. जागा धरून बसला त्यानं छापा घातलाच नाही." तेवढ्यात आई म्हणायची, "तुमचे जवान द्या इकडं, फोडणी जळतीय."

एका रविवारी तुम्ही मला विचारलं होतं की छाप्याला चार गोष्टी लागतात, खबर, वेळ, वेग आणि माघार, तर ह्यातली मोठी कुठली? मी म्हटलं, वेग. तुम्ही मान हलवलीत. "खबर. चौकीत माणसं किती, माल कुठं ठेवलाय, मागचं दार कुठल्या अंगाला. हे बाहेरून दिसत नाही, आतलं माणूसच सांगतं." मी विचारलं, "मग त्या माणसाचं पुढं काय होतं?" तुम्ही लसणाच्या पाकळ्या गोळा करून आईच्या ताटलीत टाकल्यात. "त्याचं काय व्हायचंय? त्याचं काम झालं." मी तेव्हा पाचवीत होते. मला ते उत्तर पुरलं.

खरं सांगायचं तर ते उत्तर नसतं मिळालं तरी मला चाललं असतं. रविवारची ती घटका सोडली तर तुम्ही माझ्याशी बोलत कुठं होतात? 'पाणी आण', 'दार लाव', 'आई कुठंय'. मी कितवीत आहे हे तुम्ही पाहुण्यांसमोर दोनदा चुकीचं सांगितलं होतं. माझा पहिला नंबर आला तेव्हा तुम्ही प्रगतिपुस्तकावर सही केलीत, शाई वाळेपर्यंत फुंकर मारलीत आणि ते परत दिलंत. मला त्या फुंकरीचंसुद्धा कौतुक वाटलं होतं. एवढं थोडक्यात भागवणारी मुलगी होते मी.

ते आणीबाणीच्या आदल्या वर्षीचे दिवस. साखर कंट्रोलवर मिळायची, तीही मोजून. तुम्ही पुरवठा खात्यात निरीक्षक झाला होतात. नाशिकच्या आपल्या त्या वस्तीतून सरकारी खात्यात इतका वर चढलेला पहिला माणूस. तुम्ही सायकलवरून ऑफिसला निघालात की बाया डोक्यावरचा पदर सारखा करायच्या, म्हातारे 'हवालदार, जय भीम' म्हणायचे. पण ऑफिसात वेगळंच चालू होतं, ते मला आईकडून फार उशिरा कळलं. तिथं तुमच्या पाठीमागे बोलणं होतं की हा आपल्या लोकांना सांभाळून घेतो, गावभर धाडी पडतात आणि ह्याच्या वस्तीत कधी एक डबासुद्धा उघडला जात नाही. साहेबाने तर तोंडावर विचारलं होतं म्हणे, "काय हो, तुमच्याकडं सगळेच हरिश्चंद्र राहतात का?" तुम्ही त्या दिवशी जेवला नव्हतात. हे सगळं मला आज कळतं, आणि कळलं म्हणून राग कमी होत नाही.

शेजारच्या घरी लग्न निघालं होतं. माझी मैत्रीण त्या घरातली धाकटी, लग्न तिच्या ताईचं. तिचे वडील, आमचे काका, ओझरला विमानांच्या कारखान्यात फिटर, पहाटेच कंपनीच्या बसने जायचे. कंट्रोलच्या साखरेत लग्नाचा बुंदीपाक होणं शक्यच नव्हतं, म्हणून वस्तीने एक रीत पाडली होती. ज्या घरी लग्न, त्या घरी प्रत्येक बाईने दोन-तीन महिने आपल्या रेशनकार्डावरची थोडी थोडी साखर नेऊन द्यायची. आपल्या पोरांना गुळाचा चहा पाजायचा, पण लग्नघरची पंगत गोड झाली पाहिजे. दुपारी पुरुष कामावर गेले की बाया पदराखाली डबा घेऊन जायच्या आणि काकींच्या मागच्या खोलीत तो पोत्यात रिता करून यायच्या. मीही आईबरोबर दोनदा गेले होते. आई म्हणाली होती, "नानांना नको सांगू. त्यांना नोकरीपायी नाय म्हणावं लागंल, आन् मला द्यायची हाय." कायद्याच्या पुस्तकात ह्या रीतीला नाव नव्हतं. एका घरात ठरलेल्यापेक्षा जास्त साखर सापडली की ती साठेबाजी, मग ती चाळीस घरांतल्या बायांनी पोटाला चिमटा घेऊन का दिलेली असेना.

आणि मग ती संध्याकाळ. तुम्ही ऑफिसातून लवकर आलात, आई नळावर गेली होती. मी ओट्यावर बसून गणितं सोडवत होते. तुम्ही आत न जाता माझ्या शेजारी येऊन बसलात. हातात कागदाची पुडी होती, तीत द्राक्षं. हंगाम सरत आला होता, मणी लहान आणि फार गोड होते. तुम्ही एकेक मणी तोडून माझ्या वहीवर ठेवत गेलात. असं तुम्ही कधी केलं नव्हतं. मला गणित दिसेनासं झालं.

"काय गं, मैत्रिणीकडं लग्नाची घाई असंल," तुम्ही म्हणालात.

मी म्हटलं, "लय घाई! ताईचे शालू आलेत, दोन. एक हिरवा, एक मोतिया रंगाचा. पेटीत ठेवलेत."

"आणि पंगतीला काय करणारेत?"

"बुंदी."

"बुंदी! एवढी साखर कुठून आणली बाबा त्यांनी?"

तुम्ही हसून विचारलंत, नाना. तुमचा खालच्या ओठामागचा, कोपऱ्यातला एक दात तुटलेला होता, तो मला पहिल्यांदा इतक्या जवळून दिसला. मी सांगत सुटले. आईचं नाव तेवढं गाळलं, बाकी सगळं सांगितलं. मागच्या खोलीत, गोधड्यांच्या चळतीमागे, वरून सतरंजी टाकलेली. दुपारी तिथं कुणी नसतं. मागच्या दाराला आतून फक्त दोरी बांधलेली असते. तुम्ही "हं" म्हणत होतात, "अस्सं" म्हणत होतात, आणि डोळे माझ्या तोंडावरून हलवत नव्हतात. मग विचारलंत, "किती पोती असतील गं?" मी सांगितलं. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "हुशार आहेस. नजर चांगली आहे तुझी." त्या रात्री मला आनंदाने झोप येईना. आईला मी म्हटलं, आज नाना माझ्याशी गप्पा मारत बसले होते. आई म्हणाली, "बरं झालं की मग."

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला जीप आली. वेळ अचूक होती. ओझरची बस केव्हाच गेलेली, वस्तीत फक्त बाया आणि पोरं. माझी शाळा दुपारची, म्हणून मी घरी. जीपमधून साहेब, दोन शिपाई आणि सगळ्यांत पुढे तुम्ही. तुम्ही समोरच्या दाराशी थांबलासुद्धा नाहीत. सरळ बोळातून मागे गेलात, दोरी एका झटक्यात तोडलीत आणि गोधड्यांची चळत बाजूला केलीत. मी दोन घरांमधल्या कुडाच्या फटीतून बघत होते. तुम्हाला त्या घराची मागची बाजू माहीत असायचं काही कारण नव्हतं. काकींच्या मागच्या खोलीत तुम्ही आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं. ते घर मी तुम्हाला द्राक्षं खात खात दाखवलं होतं.

एक पोतं निघालं भरलेलं, आणि एक अर्धं. काकी पीठ माखलेल्या हातांनीच धावत आल्या. "हवालदार, ओ हवालदार, ही साखर आमची एकट्याची न्हाय. साऱ्या वस्तीची हाय. पोरीच्या लग्नाला दिली बायांनी. तुमाला ठावं न्हाय का आपली रीत?" तुम्ही त्यांच्याकडे पाहिलं नाहीत. साहेब खिदळला, "एवढ्यासाठी जीप काढायला लावली का?" तुम्ही म्हणालात, "आणखी असणार साहेब. माझी खबर पक्की आहे." आणि तुम्ही शोधत सुटलात. पाण्याची टाकी पाहिलीत, धान्याच्या कोठीत हात घातलात, न्हाणीतली लाकडं उपसलीत. शेवटी ताईच्या पेटीकडे वळलात. काकी आडव्या झाल्या. "तिच्यात पोरीची कापडं हायत. तिला हात लावू नका, तुमच्या पाया पडते." तुम्ही शिपायाला खूण केलीत. त्याने पेटी उलटी केली. हिरवा शालू, मोतिया शालू, परकर, पोलकी, सगळं त्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडलं, आणि ताई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पेटीत साखर नव्हती.

तेव्हा काकी म्हणाल्या, हळूच, "ह्यात तुमच्या घरचीबी साखर हाय, हवालदार." तुम्ही मान वळवलीत. दारात आई उभी होती, पदर तोंडात धरून. मग तुम्ही पंचनाम्याचा कागद काढलात आणि दीड पोतं लिहून घेतलंत. तुमचं अक्षर त्या दिवशीही वळणदार होतं.

जीप गेली. छाप्याची खूण काय, तर परत जाणं. पण तुम्ही कुठं परत जाणार होतात? तुमची चौकी तर शत्रूच्या घराला लागूनच होती, मधे एक कूड. संध्याकाळी तुम्ही त्याच बोळातून सायकल ढकलत आलात. कुणी 'जय भीम' केला नाही. आईने तुमच्यासमोर चहा ठेवला. तुम्ही एक घोट घेतलात आणि म्हणालात, "साखर?" आई म्हणाली, "जप्त झाली." पुढचे कितीतरी दिवस तुम्ही तसाच चहा प्यायलात.

लग्न झालं. विहाराच्या पटांगणात मांडव पडला, पंगतीला गुळाचा शिरा वाढला आणि नवरदेवाकडच्या मंडळींनी तो बोटांनी ताटात ढकलत ठेवला. पेटी उलटी केल्याची गोष्ट ताईच्या सासरपर्यंत पोहोचली होती. तिची सासू म्हणे कितीतरी वर्षं चारचौघांत म्हणायची, 'आमची सून जप्तीतून सुटून आलीय.' काका कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले. दोन वर्षांनी सुटले, पण तेवढ्यात कारखान्यात त्यांच्यामागून लागलेली पोरं बढतीत त्यांच्या पुढे गेली. तुमचं मात्र ऑफिसात नाव झालं. स्वतःच्या वस्तीत धाड घालणारा माणूस म्हणून तुम्हाला मनमाडला बढतीवर पाठवलं. आम्ही वस्तीतच राहिलो, तुम्ही शनिवारी यायचात. तिकडून जांभळं आणायचात, कधी पेढे. मी हात लावायची नाही. तुम्ही कधी विचारलं नाहीत, का म्हणून.

एकदाच मी तुम्हाला विचारलं. तुम्ही मनमाडला जायच्या आदल्या दिवशी, ट्रंकेचे पट्टे आवळत होतात तेव्हा. "नाना, तुम्हाला साखरेचं कुणी सांगितलं?" तुम्ही पट्टा आवळलात, बक्कल लावलंत आणि मग वर पाहिलंत. "खबर कुठून आली ते सांगायचं नसतं. ज्यानं दिली त्यालासुद्धा नाही." मी अकरा वर्षांची होते, नाना. मला रडायचं होतं, तुमच्या अंगावर धावून जायचं होतं. मी तुम्हाला ट्रंक उचलू लागले.

वस्तीने कधी शोध घेतला नाही. हवालदार शेजारी राहतो, भिंतीला कान असतात, एवढ्यात त्यांचं भागलं. माझी मैत्रीण मला म्हणाली, "तुझा काय दोष? तू थोडीच सांगितलंस?" आणि तिने माझ्या गळ्यात हात टाकला. तो हात मी कसा सहन केला ते माझं मला माहीत. शहाऐंशी साली तुम्ही गेलात, तेव्हा पहिला खांदा काकांनी दिला. काकी आईजवळ तीन दिवस बसून होत्या. त्यांनी तुम्हाला माफ केलं असेल किंवा मेलेल्या माणसाशी वैर धरायचं नाही म्हणून आल्या असतील. मी तुमच्या तोंडाकडे पाहिलं तेव्हा मला एकच विचारायचं होतं, आणि तेवढ्यासाठी तुम्ही डोळे उघडावेत असं फार वाटलं. ती द्राक्षं माझ्यासाठी होती की नव्हती?

साखरेचं मी एक वेळ सोडून दिलं असतं. तुमच्यावर आळ होता, तुम्हाला तो धुऊन काढायचा होता, चुकीच्या घरात शिरलात. पण लहानपणी एका संध्याकाळी तुम्ही माझ्याशेजारी बसून माझं बोलणं ऐकलं होतं. मला दुसरी तशी संध्याकाळ आठवत नाही. तीसुद्धा तुम्ही माझी ठेवली नाहीत. तुम्ही मला फसवलंत, नाना. मी शाळेत तीस वर्षं शिकवलं, आणि एखादी मुलगी माझ्यापाशी येऊन घरचं काही सांगू लागली की मी वह्यांचा गठ्ठा उचलून उभी राहायची. मी म्हणायची, "बाळ, मला नको सांगूस." किती जणींना मी असं गप्प केलं असेल. त्यातल्या कुणाला खरंच सांगायचं असेल.

आता कोशापुरतं बोलायचं तर मी 'छापा'चा अर्थ पुरा केला आहे. 'आतून मिळालेल्या खबरीवरून' हे शब्द घातले, 'काम होताच परत फिरण्याच्या हेतूने' हेही घातलं. उपयोगाचं वाक्य संपादकांना लष्करातलं हवं आहे, ते देईन. हे पत्र मात्र कुठल्या पेटीत टाकायचं? आई असती तर तिला वाचून दाखवलं असतं. मैत्रिणीला दाखवायची माझी अजून छाती नाही. ती मागच्या महिन्यात येऊन गेली, ताई आजारी असते म्हणाली, आणि बोलता बोलता म्हणाली, "सगळं एक वेळ ठीक होतं गं, पण पेटी कशाला उलटी केली तुझ्या वडिलांनी? ताईच्या मनातून ते अजून जात नाही." मी चहा आणायला उठले.

नाना, मी पोती पाहिली होती. आईबरोबर गेले तेव्हा सतरंजी बाजूला करून पाहिली होती. एक भरलेलं आणि एक अर्धं. तुम्ही विचारलंत तेव्हा मला बरोबर आठवत होतं. पण दीड म्हटलं असतं तर तुम्ही 'हं' म्हणून उठून आत गेला असतात, म्हणून मी चार म्हणाले. तुमचे डोळे मोठे झाले, तुम्ही आणखी जवळ सरकून बसलात. त्या घरात उरलेली अडीच पोती तुम्ही माझ्या शब्दावर शोधत होतात. माझी खबर खोटी होती, हे तुम्हाला पेटी उलटी झाली तेव्हाच कळलं असणार. तुम्ही मला त्याबद्दल कधीच काही म्हणाला नाहीत.